गीझरआधी विहीर बघावी

किनाऱ्यालगतच्या घरात गीझर किती वर्षं टिकेल, हे खोक्यातल्या हमीपत्रावरून कळत नाही. ते विहिरीवरून कळतं, आणि थोडंफार खाऱ्या वाऱ्यावरून. तरी गीझर बदलायची वेळ आली की आपण आधी दुकान गाठतो, ‘पंधरा लिटरचा केवढ्याला?’ असं विचारतो आणि मिळालेला आकडा म्हणजेच सगळा खर्च असं धरून चालतो. जुन्या घरात तो आकडा बरेचदा निम्माच ठरतो. उरलेला निम्मा भिंतीत, वायरीत, नळात आणि अर्थिंगच्या खड्ड्यात जातो, आणि त्याचा पत्ता काम अर्धवट उघडं पडल्यावर लागतो.

वेळही आपण अशीच निवडतो, म्हणजे निवडतच नाही. गीझर गेलाय हे बहुधा गणपतीच्या आदल्या आठवड्यात कळतं, घरात दहा माणसं उतरायची असताना. त्या दिवसांत वायरमन मखरांच्या माळांत अडकलेला, प्लंबर फोन उचलत नाही, आणि दुकानात उरलेला असेल तोच गीझर गोड मानून घ्यावा लागतो. कौलं चाळणं, सुकी लाकडं भरणं या आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या मे महिन्यातल्या कामांत गीझरची तपासणीही बसवावी. मे महिनाच का, याला पाण्याचंही एक कारण आहे.

कोकणात ढोबळमानाने दोन प्रकारचं पाणी गीझरच्या वाट्याला येतं. सड्यावरच्या, जांभ्यातून झिरपणाऱ्या विहिरीचं पाणी मऊ असतं. साबणाला फेस चांगला येतो, टाकीत क्षार साचत नाहीत. पण ते अनेकदा किंचित आम्लधर्मी असतं आणि त्यात लोह असतं. असं पाणी धातू हळूहळू कुरतडतं. खाडीकाठच्या किंवा पुळणीलगतच्या विहिरीचं दुखणं वेगळं. पावसात तिचं पाणी गोड, शिमग्याच्या सुमारास मचूळ आणि मे महिन्यात तोंडात धरवत नाही इतकं खारट होऊ शकतं. तिथे क्लोराइड वाढतं, जोडीला कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार येतात. मग कॉइलवर पांढरा थर चढतो, पाणी तापायला वेळ लागू लागतो, आतून खरखर ऐकू येते, आणि थराखाली कोंडलेली उष्णता एक दिवस कॉइल फोडते.

म्हणून नमुना मे महिन्यात घ्यायचा. सप्टेंबरातलं पाणी गीझरचं पुढचं भवितव्य सांगत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाणी तपासून मिळतं. सामू म्हणजे पीएच, विद्राव्य क्षार म्हणजे टीडीएस, क्लोराइड, कठीणपणा आणि लोह एवढंच मागावं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, यात टीडीएससाठी ५०० आणि क्लोराइडसाठी २५० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही स्वीकार्य मर्यादा आहे, सामू ६.५ ते ८.५. ही मोजमापं पिणाऱ्यासाठी ठरवलेली आहेत, गीझरसाठी नव्हेत, पण तुलनेला उपयोगी पडतात. शिवाय हमीपत्राच्या मागच्या बारीक अक्षरांत पाण्याच्या टीडीएसची अट असते का, हे खरेदीआधी वाचावं. तुमचं मे महिन्यातलं पाणी त्या अटीबाहेरचं असेल, तर टाकीची पाच-सात वर्षांची हमी तुमच्या कामाची नाही आणि तिच्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

टाकीची निवड इथूनच ठरते. स्टेनलेस स्टीलची टाकी हलकी, दिसायला देखणी. पण ३०४ प्रतीच्या स्टीलला गरम खारं पाणी सोसत नाही. वेल्डिंगच्या रेषेजवळ टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात आणि बाकीची टाकी लखलखीत असूनही कामातून जाते. मॉलिब्डेनम असलेलं ३१६ स्टील जास्त टिकतं, मात्र महाग पडतं आणि तालुक्याच्या बाजारात सहजी दिसत नाही. खाडीकाठी त्यामानाने आतून काचेचा लेप दिलेली पोलादी टाकी बरी, पण दोन अटींवर. पहिली, ती आपटलेली नसावी. लेप ठिसूळ असतो. मोटरसायकलवर आडवी बांधून आणलेल्या, कोपरा चेपलेल्या गीझरमध्ये लेपाला तडा गेलेला असू शकतो आणि तो बाहेरून दिसत नाही. खोकं चेपलं असेल तर दुकानातच परत करावं. दुसरी अट ॲनोडची.

ॲनोड म्हणजे टाकीत उभी असलेली मॅग्नेशियमची कांडी. लेपातल्या सूक्ष्म फटींतून पाणी पोलादापर्यंत पोचतं, तेव्हा पोलादाच्या आधी मॅग्नेशियम झिजतं. ती झिजण्यासाठीच बसवलेली असते. खाऱ्या पाण्यात वीज चांगली वाहते, म्हणून कांडी जोमाने काम करते आणि तितक्याच जोमाने संपते. दरवर्षी बघावी, निम्म्याहून जास्त झिजली की बदलावी. कांडी ३०० ते ६०० रुपयांची, तासाभराचं काम. हे न केल्यामुळे कितीतरी टाक्या अकाली गळतात, आणि गंमत म्हणजे गीझर विकताना हा शब्द फारसा कुणी उच्चारत नाही. सड्यावरच्या मऊ पाण्यात कांडी जास्त दिवस टिकते, पण पाणी फारच कमी क्षारांचं असेल तर ती संरक्षणही दुबळं देते. अशा पाण्याला साधी ३०४ ची टाकी चालून जाते. कधीकधी गरम पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. विहिरीच्या पाण्यातले गंधक-जिवाणू आणि मॅग्नेशियम यांचा तो एकत्र उद्योग. टाकी पूर्ण तापवून, रिकामी करून धुतली तर वास जातो. परत परत आला तर ॲल्युमिनियम-जस्ताची कांडी लावून बघावी.

पण बदलण्याआधी गीझर खरंच गेलाय का? पाणी अजिबात तापत नाही म्हणजे कॉइल, थर्मोस्टॅट किंवा कटआउट. हे सगळे सुटे मिळतात, आणि मजुरीसह हजार-दीड हजारात काम व्हायला हवं. टाकी गळत असेल तरच गीझर बदलायचा. गळती शोधायला गीझर बंद करावा, बाहेरून कोरडा पुसावा, दोन्ही नळ्यांच्या जोडांना आणि सेफ्टी व्हॉल्व्हला वर्तमानपत्राचे तुकडे गुंडाळावेत आणि तासाभराने बघावं. जोडाजवळचा कागद भिजला तर वॉशर किंवा नळी. मधल्या झाकणाभोवती ओल असेल तर गॅस्केट. जोड सुके आणि पत्र्याच्या खालच्या फटीतून थेंब येत असेल तर टाकी फुटली, आता डागडुजीच्या नादी लागू नये. गरम पाणी लाल येतंय म्हणून टाकी गंजली असा निष्कर्ष काढण्याआधी थंड नळाचं पाणी स्टीलच्या पेल्यात रात्रभर ठेवून बघा. तळाशी तोच तांबूस गाळ बसला तर दोष जांभ्याचा.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून येणाऱ्या थेंबांवर जरा थांबायला हवं, कारण इथे घरोघरी एकच धोकादायक उपाय केलेला दिसतो. २५ अंशांचं पाणी ६० पर्यंत तापलं की साधारण दीड टक्क्याने फुगतं. १५ लिटरच्या टाकीत हे पाणी पेलाभर होतं. मागे जायला झडप अडवते, पुढचा नळ बंद, मग दाब वाढतो आणि व्हॉल्व्ह तेवढं पाणी बाहेर टाकतो. गीझर तापत असताना थेंब पडणं ही व्हॉल्व्ह जिवंत असल्याची खूण आहे. त्याला बूच मारणं म्हणजे थर्मोस्टॅट अडकल्याच्या दिवशी न्हाणीघरात बॉम्ब टांगून ठेवणं. थेंब नको असतील तर व्हॉल्व्हच्या तोंडाला बारीक नळी लावून ती मोरीत सोडावी, तोंड उघडं ठेवावं. गीझर बंद असतानाही धार येत असेल तर मात्र व्हॉल्व्ह खराब, किंवा प्रेशर पंपाचा दाब जास्त. कौलारू घरात पाण्याची टाकी न्हाणीपेक्षा तीन-चार मीटर उंच असली तर दाब अर्ध्या बारच्याही (बार हे दाबाचं माप) आत असतो, कारण दहा मीटर उंचीला एक बार. प्रेशर पंप असलेल्या सदनिकेत आणि उंच इमारतीत ८ बार दाब सोसणाऱ्या टाकीचा गीझर घ्यावा.

आता आकार. दुकानात माणसं मोजतात, खरं तर बादल्या मोजाव्यात. कोकणातली बहुतेक आंघोळ बादलीची. २० लिटरची बादली ४० अंशांची करायची, थंड पाणी २५ अंशांचं, तर गीझरमधलं ६० अंशांचं साडेआठ लिटर पाणी पुरतं. टाकीत तितकंच थंड पाणी भरलं जातं आणि २ किलोवॉटची कॉइल ते सुमारे दहा मिनिटांत परत तापवते. म्हणजे एक आंघोळ संपेपर्यंत दुसरी तयार. चार माणसांच्या घरात एका न्हाणीला १५ लिटर भरपूर, दोन म्हाताऱ्या माणसांना १० सुद्धा चालेल. २५ लिटर लागतो तो शॉवरवाल्यांना. तीन लिटरचा इन्स्टंट गीझर स्वस्त पडतो, पण ३ किलोवॉटला तो मिनिटाला जेमतेम तीन लिटर पाणी १५ अंशांनी तापवतो. बादली भरायला सात मिनिटं, आणि तेही व्होल्टेज पूर्ण असेल तर.

व्होल्टेजचं गणित वाडीतल्या शेवटच्या खांबावरच्या घराने जरूर करावं. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. २३० च्या जागी १९० व्होल्ट आले तर २,००० वॉटची कॉइल साधारण १,३६५ वॉटच देते. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला एरवी १८ मिनिटं, इथे २७. यात गीझरचा दोष नाही आणि तो बदलून फरक पडणार नाही. वीज मात्र तेवढीच लागते, सुमारे ०.६ युनिट. बादलीमागे हिशोब ०.३५ युनिट. चार माणसांचे दिवसाला १.४, महिन्याला बेचाळीस, टाकी निवण्यातला तोटा धरून पंचेचाळीस ते पन्नास युनिट. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे असतात आणि १०० युनिटांनंतरचं युनिट बरंच महाग. त्यामुळे गीझरचे युनिट बिलात सगळ्यात वरच्या दराने बसतात असं समजावं. १० रुपये धरले तर महिना साडेचारशे-पाचशे.

ताऱ्यांबद्दलही इथेच बोलून टाकू. साठवणीच्या गीझरवरचे बीईईचे, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे फक्त एक गोष्ट मोजतात: तापलेलं पाणी चोवीस तास नुसतं उभं राहिलं तर किती उष्णता झिरपते. पाणी तापवायला लागणारी वीज सगळ्यांना सारखीच. सकाळी वीस मिनिटं लावून बंद करणाऱ्या घराला पाच ताऱ्यांचा फायदा थोडका. दिवसभर चालू ठेवणाऱ्या होमस्टेला तो खरा. मधल्या फरकाचे दीड-दोन हजार बहुतेक घरांत आरसीसीबीवर, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर घालवलेले जास्त उपयोगी पडतील.

२ किलोवॉटला जवळपास ९ अँपिअर लागतात, ३ किलोवॉटला १३. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर थेट मीटरजवळच्या बोर्डातून स्वतंत्र आणावी, १६ अँपिअरचा एमसीबी, न्हाणीबाहेर दिवा असलेला डबल पोल स्विच. ३ किलोवॉट आणि लांबचं अंतर असेल तर वायर ४ ची. दिव्यांच्या वायरीतून ओढलेल्या कनेक्शनवर सॉकेट आधी पिवळा पडतो, मग जळतो. खाऱ्या हवेत पितळी टोकांवर हिरवट गंज चढतो, जोड सैल होतो, सैल जोड तापतो. वर्षातून एकदा मुख्य वीज बंद करून स्क्रू आवळून घ्यावेत.

अर्थिंग हा कातळावरच्या घरांचा खरा प्रश्न. उन्हाळ्यात वाळलेल्या जांभ्यात वीज मुरायला ओल नसते. खड्डा आहे, पट्टी आहे, पण मार्च ते मेपर्यंत अर्थिंग नावालाच. खड्डा न्हाणीचं सांडपाणी जिथे मुरतं तिथे, माडाच्या आळ्याजवळ घ्यावा. पाइप लोखंडी असेल तर काही वर्षांत गंजून तुटतो, म्हणून तांब्याचा मुलामा दिलेली सळई बरी. आणि अर्थिंग चांगलं असो वा नसो, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. कॉइलला चीर पडून पाण्यात वीज उतरली तर तोच वाचवतो. तो सारखा पडतो म्हणून बायपास करणारा वायरमन दारातूनच परत पाठवावा. वळवाच्या आणि परतीच्या पावसातल्या गडगडाटात गीझरचा प्लग उपटून ठेवावा. डिजिटल आकडे दाखवणाऱ्या मॉडेलांचे बोर्ड विजेने जातात. साधा फिरवायचा थर्मोस्टॅट दिसायला जुनाट, पण वाडीत दुरुस्त होतो.

भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची असेल तर तिचाही खर्च धरा. १५ लिटरचा भरलेला गीझर पंचवीस किलोच्या आसपास जातो, २५ लिटरचा पस्तीस-चाळीस. चिरा सच्छिद्र. ड्रिल हॅमरवर ठेवून भोक पाडलं की आतून भुगा होतो आणि फास्टनर आज घट्ट वाटला तरी पावसाळ्यात सैल पडतो. चिऱ्यांमधल्या जुन्या मातीच्या दर्जांत, म्हणजे सांध्यांत तर काहीच धरत नाही. हॅमर बंद करून भोक पाडावं, शक्य असेल तिथे भिंतीच्या आरपार गॅल्वनाइज्ड बोल्ट घालून पलीकडे पट्टी लावावी. नाहीतर चिऱ्यात वीतभर खोबण काढून बोल्टसह काँक्रीट भरावं आणि आठवडाभर पाणी मारावं. हा आठवडा वेळापत्रकात कुणी धरत नाही. गीझरखाली हातभर जागा सोडावी, नाहीतर ॲनोड काढायला अख्खा गीझर उतरवावा लागतो. वरचं आवरण प्लास्टिकचं घ्या. पत्र्याचं खालच्या कडेने लवकर गंजतं.

नळांत गरम बाजूला सीपीव्हीसीच, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाइप. साधा पांढरा पीव्हीसी मऊ पडून जोडाशी सुटतो. जुन्या लोखंडी पाइपाला पितळी आट्यांचा जोड द्यावा, आणि थंड बाजूला बंद करता येणारा अँगल कॉक असावा, म्हणजे पुढच्या वेळी घराचं सगळं पाणी बंद करावं लागणार नाही.

एकूण बेरीज ढोबळ अशी निघते. चांगल्या लेपाचा १५ लिटरचा गीझर ९,०००. दोन नळ्या ५००, पितळी कॉक ७००, सीपीव्हीसी आणि जोड १,२००, भिंतीचं सामान ४००. वायर, एमसीबी, आरसीसीबी मिळून २,८००. अर्थिंग नव्याने केल्यास ३,०००. प्लंबर आणि वायरमन १,५००. झाले १९,१००. यातलं वायरिंग आणि अर्थिंग एकदाच करायचं, पुढच्या गीझरला ते तयार मिळतं. हप्त्याने करायचं असेल तर यंदा मे महिन्यात अर्थिंग आणि वायर, दिवाळीला गीझर. उलट क्रम नको.

दुसरे पर्याय कुणी ना कुणी सुचवणारच. गॅस गीझरची बादली विजेच्या वरच्या टप्प्यातल्या दरापेक्षा स्वस्त पडते, पण त्याच्या ज्वाळेतून कार्बन मोनॉक्साइड निघू शकतो, ज्याला वास नाही. बंद न्हाणीत तो लावूच नये. बाहेरच्या पडवीत लावून पाइप आत आणावा. सोलरला पावसाळ्याचे चार महिने वीज किंवा चूल जोडीला लागते, आणि काचेच्या नळ्यांवर माडाची सावली नको, नारळ तर त्याहून नको. होमस्टेला हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र, विचारात घेण्यासारखा आहे. उबदार दमट हवेत तो एका युनिटमध्ये तीन युनिटांचं काम करतो. फक्त त्याच्या पात्यांवर खारं पाणी-वारं थेट येणार नाही अशी जागा हवी. आणि मागीलदारची चूल, नारळाच्या सोडणं-करवंट्यांवर तापणारा बंब, मोडीत काढू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळल्यावर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती.

राहिली चाकरमान्यांची बंद घरं. सहा महिने तेच पाणी टाकीत कुजत ठेवण्यापेक्षा परतताना प्लग काढावा, थंड कॉक बंद करावा, टाकी रिकामी करावी. परत आल्यावर आधी कॉक उघडून गरम नळ सोडावा. फसफसणारी हवा संपून सलग धार येईपर्यंत स्विचला हात लावू नये. गणपतीला आल्या आल्या उडणाऱ्या बऱ्याच कॉइली रिकाम्या टाकीत जळतात. पहिली टाकी ६० अंशांपर्यंत तापवून मोरीत सोडून द्यावी, दुसरीने आंघोळ करावी.